इंग्रजीतलं विशेषण आणि टू: गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या कार्डांच्या नोंदी, जून ते ऑगस्ट 2025

3 जून, मंगळवार

आजपासून काम चालू. गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ मी इंग्रजी बोलायला शिकवते. सध्या अकरा जण आहेत, सगळे अठरा ते पंचवीस वयाचे, दोघे मोरजीला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, काम करतात आणि पावसात शॅक बंद म्हणून मोकळे, बाकीच्यांना हॉटेलात नाहीतर विमानतळावर नोकरी हवी. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ चालू झाला तेव्हापासून आमच्या तालुक्यात इंटरव्ह्यूची भाषा घरोघरी ऐकू येते. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी, अशी सगळ्यांची वाट. व्याकरण पाठ आहे, पण बोलायला लागले की एका जागी गाडी हमखास घसरते. आज पार्सेची एक मुलगी म्हणाली, "टीचर, आय ॲम डिफिकल्ट टू कम ऑन सॅटरडे." ही मेहनती, रोज वही भरून आणणारी मुलगी आहे. मी चौदा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनला होते, हे वाक्य तिथे शेकडो वेळा ऐकलंय आणि दरवेळी गेस्ट क्षणभर गोंधळतो, कारण त्याचा अर्थच लागत नाही.

तर ठरवलं, विशेषण आणि त्याच्यामागे येणारं टू आणि क्रियापद, एवढंच घ्यायचं आणि त्याची हाताळता येतील अशी कार्डं करायची. पुढे कोणाला आपल्या गावात हेच करावंसं वाटलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतेय, चुका आणि खर्च सकट.

7 जून, शनिवार

साठ विशेषणं निवडली, जाड कार्डपेपर आणला, स्केचपेनने लिहिलं, एका पिशवीत विशेषणं आणि दुसऱ्या पिशवीत क्रियापदं. एकेक उचलायचं आणि मध्ये टू घालून वाक्य करायचं. सोपा खेळ वाटला होता. वर्ग संपला तेव्हा माझ्या वहीत चुकांची दोन पानं भरली होती. "आय ॲम बिझी टू कुक." "धिस बॅग इज हेवी टू लिफ्ट इट." "मानकुराद (आमचा आंबा) इज स्वीट टू ईट." "ही इज पॉसिबल टू कम." मुलांची यात काही चूक नाही, साठ वेगवेगळ्या वागणुकीचे शब्द मी एका पिशवीत कोंबले होते आणि पिशवी सांगत होती की सगळे सारखेच आहेत.

दुसरी चूक याच्याहून बारीक पण महागात पडली. वाचायला सोपं जावं म्हणून कार्डं मी देवनागरीत लिहिली होती. या वाक्यांत इंग्रजीचे दोन वेगळे टू येतात, एक क्रियापदाच्या आधी येणारा आणि दुसरा "प्रमाणाबाहेर" या अर्थाचा, त्याला दोन ओ लागतात. देवनागरीत दोन्ही टू दिसायला एकच. "टू हॉट टू ड्रिंक" हे कार्ड हातात घेऊन एकाने विचारलं की पहिला टू पुढे कशाला आलाय. साठ कार्डं बाद. खर्च कार्डपेपर आणि पेनं मिळून 480 रुपये, वेळ दोन रात्री.

(या नोंदींत मात्र मी देवनागरीतच लिहितेय, प्रमाणाबाहेरच्याला "मोठा टू" म्हणेन.)

10 जून, मंगळवार

नवीन कार्डं रोमन लिपीत. फक्त पंचवीस विशेषणं, रोज लागणारी तेवढीच. वर्ग झाला नाही, सहा वाजता लाइट गेली ती नऊला आली. मेणबत्तीत बसून कार्डं कापली.

14 जून, शनिवार

आज कारण सापडलं असं वाटलं. "आय ॲम डिफिकल्ट" कुठून येतं? मराठीत आपण म्हणतो "मला शनिवारी यायला कठीण आहे", कोंकणीत "म्हाका येवपाक कठीण". दोन्हीकडे वाक्य "मला"ने सुरू होतं आणि डोक्यात "मला" म्हणजे "आय" पक्कं बसलेलं असतं. वाक्य अर्ध्यावर यायच्या आधीच आय ॲम तोंडातून गेलेलं असतं, मग पुढे काय करणार बिचारी.

म्हणून फळ्यावर नियम लिहिला: मराठीत वाक्य "मला"ने सुरू होत असेल तर इंग्रजीत "इट इज … फॉर मी टू …" म्हणायचं. "इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम ऑन सॅटरडे." अकराच्या अकरा जणांनी बरोबर केलं. पार्सेच्या मुलीने वहीत लाल चौकट केली. मी खूष होऊन घरी आले.

17 जून, मंगळवार

शनिवारचा नियम आज मोडून पडला, आणि तो मीच शिकवलेला. मी गेस्टची भूमिका घेतली, बॅग उचलून देशील का विचारलं, एकाने उत्तर दिलं, "येस मॅडम, इट इज हॅपी फॉर मी टू हेल्प."

त्याने नियम तंतोतंत पाळला होता. "मला मदत करायला आनंद होईल" हे वाक्यही "मला"नेच सुरू होतं. "मला बोलायला भीती वाटते" तेही. आणि इथे इंग्रजीत "आय"च लागतो, आय ॲम हॅपी टू हेल्प, आय ॲम अफ्रेड टू स्पीक. म्हणजे आपला "मला" दोन्ही घरात राहतो, आणि मी त्याला एकाच घरात कोंडलं. घाईने नियम फळ्यावर लिहू नका, एवढं मी पुढच्याला नक्की सांगेन, निदान दहा वाक्यांवर आधी घासून बघा. लाल चौकट खोडायला लावताना मला फार वाईट वाटलं, कारण मुलं आपल्यावर विश्वास टाकून लिहीत असतात.

21 जून, शनिवार

तीन रात्री याच्यावर गेल्या. शेवटी परीक्षा मराठीतच सापडली. विशेषण उचल, त्याचा मराठी अर्थ घे आणि "हे काम ___ आहे" यात बसवून बघ. हे काम कठीण आहे, बसलं. सोपं आहे, धोक्याचं आहे, अशक्य आहे, महाग आहे, सगळं बसलं. आता हे काम आनंदी आहे? हे काम घाबरलेलं आहे? हे काम उत्सुक आहे? नाही बसत, कारण ते माणसाच्या मनातलं आहे. बसलं तर निळं कार्ड आणि "इट इज"ने सुरुवात. नाही बसलं, माणसातच राहिलं, तर पिवळं कार्ड आणि माणूस पुढे: आय ॲम हॅपी टू, ग्लॅड टू, सॉरी टू, अफ्रेड टू, विलिंग टू, कीन टू.

मुलांनी स्वतः कार्डं वाटली, मी गप्प बसले. पंचवीसपैकी एकोणीस बरोबर ढिगात गेली. रेडीवर वाद झाला, आणि तो वाद मला फार आवडला. शॅकवाला म्हणाला, "टीचर, गेस्ट आर रेडी टू ईट पण होतं आणि शागुती (मटणा-कोंबडीचा रस्सा) इज रेडी टू ईट पण होतं, मग कोणी कोणाला खायचं?" मराठीतही असंच आहे की, पाहुणे जेवायला तयार आणि जेवण खायला तयार. इथे आपली भाषा मदतीला धावते, दोन्ही अर्थ मुलांना आधीच माहीत आहेत. रेडीचं कार्ड एका बाजूने पिवळं, दुसऱ्या बाजूने निळं केलं.

24 जून, मंगळवार

आज सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, त्यात पाऊस धो धो. चौघेच आले. शिकवणं थोडं झालं, आजची नोंद कार्डांबद्दल आहे. खोलीत एवढी ओल की कार्डपेपर लाटेसारखा वाकलाय, निळं स्केचपेन पसरलंय, दोन कार्डांना बुरशी. गोव्यात पावसाळ्यात हे करणार असाल तर पहिल्या दिवसापासून लॅमिनेशन करा. म्हापशाला एक पान 25 रुपयांना करून मिळालं, एका पानात आठ कार्डं बसतात. लॅमिनेट झाल्यावर कापताना कडेने दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक सोडा, मी पहिली चार अगदी कागदालगत कापली तर कडेतून पाणी आत गेलं.

1 जुलै, मंगळवार

परत एक ठेच. निळ्या कार्डांबद्दल मी ठासून सांगितलं होतं की डिफिकल्ट, हार्ड, इझी यांच्यापुढे "आय" किंवा "ही" कधी येत नाही. आज तुयेचा मुलगा त्याच्या सुपरवायझरचा मेसेज घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, आय ॲम हार्ड टू रीच आफ्टर सेव्हन. त्याने विचारलं, हे चूक आहे ना टीचर?

चूक नाहीये, शंभर टक्के बरोबर आहे. म्हणजे "सातनंतर मला गाठणं कठीण आहे". गाठणारे दुसरे, गाठला जाणारा मी. तसंच "द मॅनेजर इज इझी टू टॉक टू", मॅनेजरशी बोलणं सोपं, बोलणारे आपण. माणूस पुढे येऊ शकतो, पण काम त्याने करायचं नसतं, त्याच्यावर व्हायचं असतं. आणि "आय ॲम डिफिकल्ट टू कम" याच कारणाने पडतं, तिथे यायचं काम मीच करतेय आणि माझ्यावर होण्यासारखं त्यात काही नाही. नुसता "कधी नाही" सांगून मी मुलांना एका चांगल्या वाक्याला चूक म्हणायला शिकवलं होतं. तिथल्या तिथे कबूल केलं आणि विषय शनिवारवर ठेवला.

5 जुलै, शनिवार

उद्या आषाढी, तरी नऊ जण आले. आज बाहुली घेऊन गेले, भाचीची, डोळ्यांवर रुमाल बांधून टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, इज द डॉल इझी टू सी ऑर हार्ड टू सी? चौघांनी हार्ड म्हटलं. का, तर तिचे डोळे बांधलेत.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत कॅरोल चॉम्स्की या बाईंनी पाच ते दहा वर्षांच्या, इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या मुलांना अगदी हाच प्रश्न विचारला होता, 1969 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथल्या लहान मुलांनीही हार्ड टू सी म्हटलं आणि बाहुली दिसायला सोपी कर म्हटल्यावर रुमाल सोडला. म्हणजे घरात इंग्रजीच बोलणाऱ्या पोरांनाही ही गोष्ट जन्मतः येत नाही, ती हळूहळू येते. हे सांगितल्यावर वर्गातल्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, कारण यांना पाचवीपासून वाटत आलंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

मग एकच प्रश्न: बघणार कोण? बाहुली का आपण? आपण. तर मग आपल्याला ती स्पष्ट दिसतेय, इझी टू सी. हाच प्रश्न पिवळ्याला: ही इज ईगर टू सी, बघणार कोण? तोच. आता प्रत्येक कार्डाच्या मागे मराठीत "करणार कोण?" असं लिहिलंय. 21 जूनची "हे काम" परीक्षा रंग ठरवायला, आणि ही परीक्षा वाक्य तपासायला. दोन्ही लागतात, एकीवर काम भागत नाही.

12 जुलै, शनिवार

शेपटांचा, म्हणजे वाक्याच्या शेवटी लटकणाऱ्या छोट्या शब्दांचा दिवस. दोन उलट चुका आहेत आणि त्या एकत्र घेतल्या तरच कळतात. पहिली, नको असलेलं इट: "धिस फॉर्म इज इझी टू फिल इट." फॉर्म आधीच पुढे येऊन बसलाय, शेवटी त्याला परत बोलवायचं नाही. दुसरी, हवा असलेला शब्द गाळणं: "द चेअर इज कम्फर्टेबल टू सिट." सिट ऑन पाहिजे. मराठीत "खुर्ची बसायला छान आहे" म्हणताना खुर्चीवर मधला "वर" आपण आरामात सोडून देतो, इंग्रजी तो सोडत नाही, शेवटी का होईना लटकवतेच.

किनाऱ्यावरचं उदाहरण घेतलं, पावसात लाल बावटे लागलेत तेच. गेस्टला सांगायचंय की पोहणं धोक्याचं आहे. "इट इज डेंजरस टू स्विम हिअर" किंवा "द सी इज डेंजरस टू स्विम इन", दोन्ही चालतात, पण दुसऱ्यात इन विसरायचं नाही. मी सांगितलं, घाईच्या वेळी पहिलं वापरा, जीव वाचवताना शेपूट आठवत बसू नका.

कार्डाच्या उजव्या कडेला छोटी खाच कापली, तिथे ऑन, इन, टू, विथ यांची चिट्ठी अडकते. पाच खाचा फाटल्या, लॅमिनेशन आधी आणि खाच नंतर असं करू नका, खाचेतून पाणी जातं. खाच कापून मग लॅमिनेट, मग परत तीच खाच थोडी लहान कापा.

19 जुलै, शनिवार

मोठा टू आणि इनफ. पांढरी कार्डं. आपल्याकडे "टू गुड यार" म्हणजे लई भारी, त्यामुळे मुलांना मोठा टू म्हणजे व्हेरीचा मोठा भाऊ वाटतो. "टी इज व्हेरी हॉट टू ड्रिंक" असं सगळे म्हणतात. खरा चहा आणला, वाफाळता, आणि विचारलं, पिऊ शकतोस? नाही. मग मोठा टू: टू हॉट टू ड्रिंक, "इतका गरम की पिता येत नाही". त्यातला "नाही" इंग्रजीत कुठे दिसत नाही, तो मोठ्या टूच्या पोटात असतो. दहा मिनिटांनी तोच चहा कूल इनफ टू ड्रिंक. इनफ विशेषणाच्या मागे, पुढे नाही. "इनफ ओल्ड टू व्होट" म्हणणारे दोघे अजून आहेत.

26 जुलै, शनिवार

हिरवी कार्डं, वागण्यावरचा शेरा. काइंड, नाइस, रूड, सिली, जनरस. मराठीत आपण म्हणतो "आलात, बरं केलंत". इंग्रजीत "इट इज काइंड ऑफ यू टू कम". फॉर नाही, ऑफ, कारण शेरा त्या माणसावरही पडतो. हे "हे वागणं ___ आहे" या वाक्यात बसतात. थोडक्यात उरकलं, मुलांना हा ढीग पटकन जमला.

5 ऑगस्ट, मंगळवार

लाल कार्डं, म्हणजे ज्यांना टू लागतच नाही ते. बिझी कुकिंग, वर्थ सीइंग, गुड ॲट कुकिंग, केपेबल ऑफ डूइंग. इंटरेस्टेडला बराच वेळ दिला, कारण इंटरव्ह्यूत तो येतोच: कामाबद्दल "इंटरेस्टेड इन वर्किंग", पण काही ऐकायची उत्सुकता असेल तर "इंटरेस्टेड टू नो" चालतं. यूज्ड टूमध्ये टू असूनही पुढे इंग लागतं, "आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट". त्याचं कार्ड लालच ठेवलं.

7 जूनला वहीत लिहिलेली "स्वीट टू ईट" आणि "पॉसिबल टू कम" ही दोन वाक्यं आज निकालात काढली. खायला गोड, दिसायला सुंदर, हे आपलं बोलणं गोड आहे पण इंग्रजीत स्वीट आणि ब्यूटिफुल एकटेच पुरतात. दिसायचं काम त्या वस्तूचंच असतं ना. बघायचं काम आपण करतो, म्हणून ब्यूटिफुल टू लुक ॲट चालतं. आणि पॉसिबल निळ्यात असला तरी हट्टी आहे, "इट इज पॉसिबल टू ओपन द डोअर" एवढंच म्हणायचं, दाराला पुढे आणायचं नाही. त्याचा भाऊ इम्पॉसिबल मात्र "द डोअर इज इम्पॉसिबल टू ओपन" आनंदाने म्हणू देतो. असं का, हे मुलांनी विचारलं, मी म्हटलं हे एक पाठच करा.

लाइकली वेगळा ठेवलाय. "इट इज लाइकली टू रेन", "ही इज लाइकली टू कम". इथे कठीण-सोपं नाही आणि मनातलंही नाही, बोलणाऱ्याचा अंदाज आहे. शुअर टू आणि बाउंड टू त्याच्याच शेजारी. ही इज शुअर टू कम म्हणजे खात्री आपली, त्याची नाही. रंग उरला नव्हता, राखाडी केला.

16 ऑगस्ट, शनिवार

खोटे इंटरव्ह्यू घेतले, प्रत्येकी सहा मिनिटं, कार्डं पिशवीत बंद. अकरापैकी सात जण "कधी येऊ शकाल" याला बरोबर उत्तरले. दोघे अडकले, थांबले, ओठातल्या ओठात "करणार कोण" म्हणाले आणि दुरुस्त केलं. ते थांबणं मला बरोबर उत्तराहून मोलाचं वाटलं. दोघे परत "आय ॲम डिफिकल्ट"वर गेले, घाबरल्यावर जुनी सवय वर येते. त्यांना व्याकरण अजून नको, बोलायची सवय पाहिजे, त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं फोनवर ठरवली.

पार्सेच्या मुलीने विचारलं, "टीचर, नाइसचं कार्ड हिरवं का? नाइस टू मीट यू मध्ये कोणाच्या वागण्यावर शेरा आहे?" बरोबर आहे तिचं. नाइस ऑफ यू हिरवं, नाइस टू स्टे इन निळं, आणि नाइस टू मीट यूमध्ये "इट इज" लपलंय पण बोलतोय आपण मनातलं.

23 ऑगस्ट, शनिवार

बुधवारी चवथ (गणेश चतुर्थी), माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराची धावपळ सगळ्यांच्या घरी, आता पंधरा दिवस वर्ग बंद. हिशोब: बाद कार्डं 480, दुसरा संच आणि रंगीत पेपर 390, लॅमिनेशन दोनदा मिळून 275, चहा-साखर 60, एकूण 1,205 रुपये. वेळ साधारण चाळीस तास, त्यातले पंधरा तरी चुकलेल्या नियमांपायी गेले. आजघडीला पेटीत चव्वेचाळीस कार्डं आहेत, अफ्रेड आणि चीप हरवलीत. कोरगावच्या एका बाईंना पेटी उसनी पाहिजे, चवथीनंतर देणार, तोवर ती दोन परत लिहायची. आणि नाइसचं नवीन कार्ड कापून ठेवलंय, तीन पट्ट्यांचं, हिरवी, निळी, पिवळी. पट्ट्या वाळल्या की सोमवारी म्हापशाला लॅमिनेशनला.